पांढरं ते पांढऱ्यात

आमच्या लॉन्ड्रीत एक नियम आहे आणि तो मी केलेला आहे. पांढरं ते पांढऱ्यात, रंगीत ते रंगीतात, आणि माझ्या हातून गेलेल्या कपड्यावर सुरकुती दिसता कामा नये. चाळीस वर्षांत एकच गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं, आणि तो डागसुद्धा आमचा नव्हता, त्याच्याच जेवणातला होता. हे आधीच सांगून ठेवते. पुढं जे झालं त्यात चूक कोणाची, असा प्रश्न निघाला तेव्हा माझ्याकडे बोट दाखवायची कोणाची छाती झाली नाही. माझी स्वतःचीही नाही.

आमची एक पिकअप होती. सत्तावीस वर्षांची. पुढं दाटीवाटीनं तीन माणसं बसायची, मागं उघडा हौदा, त्यावर ह्यांनी स्वतः बांधलेली ताडपत्री. हे म्हणजे माझा नवरा, वय एकोणसत्तर. दुकान माझं आणि गाडी ह्यांची, अशी आमच्या घरात पहिल्यापासून वाटणी. मी कपडे धुवायचे, हे पोचवायचे. मी ह्यांना गाडीतलं शिकवायला गेले नाही आणि ह्यांनी मला साबणातलं शिकवलं नाही, म्हणून संसार टिकला.

गाडीत माझी अशी एकच वस्तू होती. मागच्या अंगणात जिथं गाडी उभी राहते, तिथंच कपडे वाळवायच्या मशीनचं धुराडं बाहेर येतं. त्यातून दिवसभर कापसाचं तूस उडतं. ते बॉनेटखाली शिरून एअर फिल्टरवर बसायचं. एअर फिल्टर म्हणजे इंजिन ज्यातून श्वास घेतं ती कागदाची गोल चाळणी. दर महिन्याला तिच्यावर गोधडीइतका थर. मला अस्वच्छता दिसली की गप्प बसवत नाही. मी जुन्या पांढऱ्या चादरीचं एक गोल कव्हर शिवलं, त्याला इलॅस्टिक घातलं, कडेनं निळी पायपीनही लावली, बारीक गोटासारखी. दर सोमवारी पहाटे गाडी निघायच्या आधी ते काढायचं, धुवायचं, संध्याकाळी पुन्हा चढवायचं. हे आधी कुरकुरले, "इंजिनाला झालर कशाला?" पण फिल्टर लखलखीत राहू लागल्यावर गप्प बसले.

सहा महिन्यांपूर्वी आमच्या पोरानं इस्पितळाचं काम मिळवलं. चादरी, अभ्रे आणि डॉक्टरांचे कोट. कोटांना खळ कडक लागते. कॉलर अशी उभी राहिली पाहिजे की आतला डॉक्टर वाकला तरी कोट वाकू नये. मोठ्या टबात पांढऱ्या कपड्यांसाठी खळ होऊ लागली. काम चांगलं होतं, फक्त इस्पितळ उंचावर होतं. मोठा चढ, मध्ये वळण, आणि सकाळी सहाच्या आत कपडे वर पोचलेच पाहिजेत.

आणि महिनाभरात गाडीनं रंग दाखवायला सुरुवात केली. सपाटीवर गुणी लेकरू. चढाला लागली की खोकला. अर्ध्या चढावर तिचा दम जायचा, इंजिन अडखळायचं, सगळी गाडी हिसके देत थरथरायची आणि ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी गोगलगाईसारखी सरकायची. इस्पितळातून फोन येऊ लागले.

पोरगा म्हणाला, "बाबा, नवी व्हॅन घेऊ. ड्रायव्हर ठेवू. तुम्ही काउंटरवर बसा."

झालं. हे असे भडकले की इस्त्रीवाल्यांनी इस्त्र्या खाली ठेवल्या. "माझ्या अंगात जीव आहे तोवर ही चावी माझ्या हातात राहील! मला बसवायला निघालास? तुझ्यासारखे दहा ड्रायव्हर मी शिकवून तयार केलेत!" भरल्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. तीन दिवस बापलेक बोलत नव्हते. "मीठ दे" एवढंसुद्धा माझ्यामार्फत जायचं. शेवटी मीच तह केला. मिस्त्रीला प्रयत्न करू द्यायचा. महिनाअखेर भरलेली गाडी न खोकता चढ चढली, तर चावी बाबांकडे. नाही चढली, तर गाडी भंगारात आणि बाबा काउंटरवर.

वरवर मी म्हणत होते, खड्ड्यात जाऊ दे ते डबडं. पण आतून मला भीती वाटत होती. एकदा हात मोडला तेव्हा हे आठ दिवस काउंटरवर बसले होते. त्या आठ दिवसांत ह्यांनी सगळे हँगर उंचीप्रमाणे लावले, येईल त्या गिऱ्हाइकाची सात पिढ्यांची चौकशी केली आणि नवव्या दिवशी प्लास्टरसकट अंगणात जाऊन गाडीत बसून राहिले. नुसतेच, चावी न लावता. तेव्हाच मी ओळखलं, ह्यांच्या हातून गाडी गेली की माणूसही फार दिवस राहायचा नाही. म्हणून त्या डबड्याचा खोकला बरा व्हावा असं सगळ्यात जास्त मलाच वाटत होतं. फक्त मी ते कोणाला कळू दिलं नाही.

आता मिस्त्री. गॅरेज आमच्याच रस्त्याच्या टोकाला. वीस वर्षं आमची गाडी बघतो, मला वहिनी म्हणतो आणि मला टरकून असतो. त्याची निदानाची पद्धत अशी: हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग बराच वेळ तो जणू परगावच्या नातेवाइकाशी फोनवर बोलत असतो.

"वहिनी, मिसिंग मारतेय. चार सिलिंडर आहेत, तीन काम करतात, एक करत नाही."

"कुठला?"

तो प्लगच्या वायरी एकेक करून उपटायचा आणि आवाज ऐकायचा. "जिची वायर काढल्यावर इंजिनाला काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर कामचुकार."

"असे दोघं माझ्याकडे इस्त्रीवर आहेत," मी म्हणाले. "त्यांच्याही वायरी काढून बघ."

पहिल्या खेपेला कामचुकार निघाला तिसरा सिलिंडर. प्लग काढला तर काळा ठिक्कर, काजळी धरलेला. बाकीचेही फार गोरे नव्हते. "पेट्रोल जास्त जातंय, हवा कमी पडतेय," मिस्त्री म्हणाला आणि त्यानं पहिल्यांदा एअर फिल्टरच उघडला. उघडला आणि बघतच राहिला. "वहिनी, असा स्वच्छ फिल्टर मी दुकानात नवीन खोक्यातसुद्धा बघितला नाही. बघा, मी म्हटलं होतं ना, गाडी धुराड्यापासून लांब लावत जा."

गाडी तिथंच लागत होती. कव्हर मात्र फिल्टरवर नव्हतं. घरी आल्यावर मला ते सीटखाली घडी करून ठेवलेलं सापडलं. गॅरेजला जाण्याआधी ह्यांनी ते काढून ठेवलं होतं. मला हसू आलं. निळी पायपीन बघून मिस्त्री टिंगल करील म्हणून लाजले असतील! पुरुषांची अब्रू कुठं अडकेल सांगता येत नाही. मी ते झटकून परत चढवलं.

फिल्टर स्वच्छ म्हणजे दोष कार्बोरेटरचा, असा मिस्त्रीचा हिशेब. त्यानं कार्बोरेटर खोलला, केसाइतकी भोकं फुंकून साफ केली, प्लग घासले. गाडी त्याच्यासमोर झकास चालली. तीन दिवसांनी चढावर पुन्हा खोकली. दुसऱ्या खेपेला कामचुकार निघाला पहिला सिलिंडर. मिस्त्रीनं वायरी बदलल्या, पॉइंट बदलले. गाडी झकास. चार दिवसांनी खोकला. तिसऱ्या खेपेला चौथा सिलिंडर. मिस्त्रीनं कॉम्प्रेशन मोजलं, म्हणजे आत दाब किती धरला जातो ते बघितलं, तर चारही सिलिंडर तालमीतल्या पोरांसारखे दणदणीत. मिस्त्री टायरवर बसला. "वहिनी, इंजिन ठणठणीत आहे आणि आजारीही आहे. माझ्या आयुष्यात असं बघितलं नाही."

"तुझ्या आयुष्यात तू बघतोस कुठं? कान लावून डोळेच मिटतोस," मी त्याला फाडकन म्हणाले. बिचाऱ्यानं मान खाली घातली. हे मात्र बॉनेट पुसत उभे होते. ह्यांनाही मी सोडलं नाही. "गाडी तुम्ही हाकता की गाडी तुम्हाला? गिअर उशिरा टाकत असाल." पोरालाही बोलले, तू वजन जास्त भरतोस म्हणून. एकूण सहा महिन्यांत त्या अंगणात ज्यानं म्हणून पाय ठेवला, त्याच्या पदरात मी थोडी थोडी चूक बांधून पाठवली.

महिना संपत आला. मंगळवारी सकाळी परीक्षा ठरली. मिस्त्रीकडे शेवटचं एकच औषध उरलं होतं, प्लगला ठिणगी पुरवणारी इग्निशन कॉइल. सोमवारी दुपारी त्यानं अंगणात येऊन नवी कॉइल बसवली, प्लग घासून चकचकीत केले आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

मी आत कव्हरला इस्त्री करत होते. सोमवार ना. ते कोटांबरोबरच धुतलं गेलं होतं, कोटांबरोबरच टबात बुडालं होतं. पांढरं ते पांढऱ्यात. इस्त्रीखाली ते कागदी ताटलीसारखं कडक झालं. इलॅस्टिक सैल पडलं होतं म्हणून नवीन ओवायला घेतलं. दोन्ही हातांत पिन आणि इलॅस्टिक, म्हणून कव्हर दातांत धरलं. ते नाकातोंडावर बसलं आणि मी श्वास घेतला.

श्वास आलाच नाही.

कापड गच्च तोंडाला चिकटलं. मी जोर लावला तसं आणखी चिकटलं. मी ते ओढून काढलं आणि स्टुलावर बसले. पेट्रोल जास्त जातंय, हवा कमी पडतेय. मिस्त्रीचं पहिल्या दिवशीचं वाक्य. चादर जुनी होती, साधी धुतलेली होती, तेव्हा तिच्यातून हवा जात होती. सहा महिन्यांपासून मी तिला डॉक्टरांच्या कॉलरसारखी कडक करत होते आणि त्या इंजिनाच्या तोंडावर बांधत होते. सपाटीवर ते कसंबसं भागवायचं. चढावर जास्त श्वास लागला की गुदमरायचं, प्लग काजळायचे, खोकायचं.

बाहेर जाऊन सगळ्यांना सांगावं असं एक क्षण वाटलं. मग मिस्त्रीचं तोंड आठवलं, पोराचं आठवलं, इस्त्रीवाल्या दोघांचं तर फारच स्पष्ट आठवलं. मी ते कव्हर घडी करून कपाटात चादरींच्या खाली ठेवलं. संध्याकाळी ते चढवायचं काम माझंच असतं. नाही चढवलं. कोणाला कळायचं कारण नव्हतं.

मंगळवारी सकाळी मीही गाडीत बसले. कपडे माझे आहेत म्हणून. हे स्टिअरिंगला, मध्ये मी, कडेला मिस्त्री मांडीवर स्क्रूड्रायव्हर घेऊन, आणि मागून पोरगा स्कूटरवर. हौद्यात नेहमीपेक्षा चार गठ्ठे जास्तच भरले होते. चढ सुरू झाला. मिस्त्रीनं डोळे मिटले. ह्यांचा जबडा घट्ट आवळलेला. अर्धा चढ आला. वळण आलं. गाडीनं एक हिसका दिला नाही. इंजिन एका सुरात ओढत राहिलं आणि आम्ही इस्पितळाच्या मागच्या दारात अशा थाटात पोचलो की रखवालदार बाजूला उडाला.

"कॉइल!" मिस्त्री ओरडला. "वहिनी, मी पहिल्या दिवसापासून मनात म्हणत होतो, कॉइल!"

पोरानं स्कूटर लावली, तोंड पाडलं आणि बाबांचा हात धरून म्हणाला, "जिंकलात. चावी तुमची." मिस्त्री परतीच्या सगळ्या वाटेवर कॉइलची महती सांगत होता. मी ऐकून घेतलं. चूक केल्याची शिक्षा कशी असते ते मला त्या दिवशी कळलं. ती मिस्त्रीच्या आवाजात असते.

मिस्त्री गॅरेजपाशी उतरला. पण हे घराकडे वळले नाहीत. पुढं जाऊन पाण्याच्या टाकीच्या भिंतीशी गाडी लावली, खाली उतरले, बॉनेट उघडलं, फिल्टरचं झाकण काढलं आणि बघत उभे राहिले.

"कव्हर कुठंय?"

"नाही घातलं."

"का?"

चाळीस वर्षांत ह्या माणसासमोर माझी जीभ अडखळली नव्हती. ती अडखळली. "त्या खळीमुळं... त्यातून हवा जात नाही. इतके दिवस तुमच्या गाडीचा गळा मीच दाबत होते. दोष कुणाचाच नव्हता. माझा होता."

ह्यांनी झाकण हळूच परत बसवलं. "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सोमवारी कव्हर दोरीवर वाळत असतं. सोमवारी गाडी चढते. मंगळवारी खोकते. चार सोमवार मोजले. मग कळलं."

"कधी?"

"तीन महिने झाले."

म्हणजे गॅरेजला जाताना कव्हर काढणं लाजेमुळं नव्हतं. "मग मला बोलला का नाहीत? मी काय खाल्लं असतं तुम्हाला?" ह्यांनी हो म्हटलं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं. तयारीच होती माझी.

हे बॉनेटला टेकून उभे राहिले आणि आपल्या डाव्या पायाकडे बघत राहिले. "क्लच दाबला की पायाला मुंग्या येतात. कधी कधी पाय आहे की नाही तेच कळत नाही. त्या भांडणानंतर दोनच दिवसांनी चढाच्या वळणावर गाडी मागं गेली. सगळ्यांना वाटलं इंजिन बंद पडलं. इंजिन नंतर बंद पडलं गं. आधी पाय सुटला. मागून एक बाई पोराला कडेवर घेऊन चालली होती. हातभर अंतर राहिलं."

"आणि हे घरात कोणाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? भर दुकानात ओरडलो होतो, जीव आहे तोवर चावी सोडणार नाही म्हणून. गाडी थकली, असं चारचौघांत म्हणता येतं. मी थकलो, हे कसं म्हणू?" मग म्हणाले, "तू आज कव्हर घातलं असतंस, तर सुटलो असतो."

मला राग आला. ह्यांचा आला, त्यापेक्षा जास्त माझा आला. चाळीस वर्षं ह्यांचे हात बघत आले, काळे झाले की साबण पुढं केला. पाय एकदाही बघितला नाही. माणसाच्या कॉलरीवरचा डाग मला रस्त्यापलीकडून दिसतो आणि घरातला माणूस लंगडतोय ते दिसलं नाही. मी तिथंच रडले. हे घाबरले, कारण ह्यांना त्याची सवय नव्हती.

"चला घरी," मी शेवटी डोळे पुसून म्हणाले. "मला काम आहे."

त्या मंगळवारी दुपारी मी स्वतः खळ केली. टबातली नाही, वेगळी, पातेल्यात. चमचा उभा राहील इतकी दाट. जादा म्हणून शिवून ठेवलेलं दुसरं कव्हरही शोधून काढलं. दोन्ही बुडवली, वाळवली, पुन्हा बुडवली, इस्त्री केली. संध्याकाळी एकावर एक चढवली. एकानं भागलं नसतं. एकानं गाडी चढापर्यंत गेली असती, आणि तो चढ मला ह्यांच्या पायाखाली आता एकदासुद्धा नको होता. बसायची तर फाटकातच बसायला हवी, सपाटीवर.

बुधवारी पहाटे गाडी सुरू झाली, अंगणात दोनदा ठसकली, फाटकापर्यंत आली आणि अर्धी आत, अर्धी बाहेर अशी बंद पडली. काळा धूर तेवढा निघाला. पोरानं कपाळावर हात मारून गठ्ठे भाड्याच्या टेम्पोत भरले आणि स्वतः मिस्त्रीला आणायला गेला. तेवढ्या वेळात दोन्ही कव्हरं ह्यांच्या शर्टाच्या आत गेली होती. दिवसभर ह्यांचं पोट ताठ होतं.

मिस्त्रीनं प्लग काढले. चारही काळे. तो जमिनीवरच बसला. "वहिनी, कॉइल परवाच बसवलीय हो..."

"तुझी काही चूक नाही," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढं मी पोराला बजावलं, नव्या व्हॅनचं सगळं काम ह्याच मिस्त्रीकडे जाईल. का ते विचारू नकोस.

ह्यांनी चावी पोराच्या हातात ठेवताना सुस्कारा टाकला. इतका लांब, इतका सुरेख की मलाही क्षणभर खरा वाटला. "तू म्हणतोस तर..." म्हणाले. पोराचे डोळे भरले. "बाबा, मला फार वाईट वाटतंय." ह्यांनी त्याची पाठ थोपटली. मी पाठ फिरवून उगाच गठ्ठे मोजत राहिले, कारण माझं तोंड ताब्यात नव्हतं.

भंगारवाला शुक्रवारी येऊन गाडी घेऊन गेला. हे बघायला अंगणात गेले नाहीत. संध्याकाळी मात्र एकटेच जाऊन तिच्या जागी पडलेल्या तेलाच्या डागाशी उभे राहिले, आणि दुसऱ्या दिवशी मी तो डाग घासायला घेतला तर म्हणाले, "राहू दे." मी राहू दिला. माझ्या अंगणात आज तेवढा एकच डाग आहे.

पायाला डॉक्टरनं औषध दिलंय, व्यायाम दिलाय. हे काउंटरवर बसतात. मला वाटलं होतं तसं काही झालं नाही. हँगर उंचीप्रमाणे लागतात, गिऱ्हाइकांच्या सात पिढ्यांची चौकशी होते आणि गिऱ्हाइकं वाढली आहेत. कोणी पांढरा शर्ट घेऊन आलं की हे विचारतात, "खळ? किती?" गिऱ्हाईक म्हणालं, "कडक," की आत तोंड करून मला ओरडून सांगतात, "कडक गं! मंगळवारची!"

पोरगा विचारतो, मंगळवारची म्हणजे काय. आम्ही दोघंही ऐकू न आल्यासारखं करतो.